पिवळ्या रंगातली खाचरं

फाल्गुन अर्धा सरला की माझ्या साड्यांना धुराचा वास यायला लागतो. रविवारी माहेरी जाऊन बावधनला परतले की नवरा दारातच ओळखतो, "भाजला वाटतं राब." पिरंगुट मागे टाकून आत वळलं की डोंगराच्या पायथ्याशी आमची वाडी. तिथं अजून तरी भाताचं रोप टाकायच्या जागेवर शेण, पालापाचोळा, वाळक्या फांद्या पसरतात, वरून माती भुरभुरतात आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवून देतात. ज्वाळा फारशा दिसत नाहीत. सगळं आतल्या आत धुमसत, सरकत पुढं जातं आणि मागे काळी, मऊ, ऊन ऊन जमीन उरते. त्या जमिनीत मग तण येत नाही आणि रोप तरारून वर येतं.

हा वास मला आवडायचा. आता तो आला की मी आधी मोबाईल बघते, कारण गेल्या वर्षी विकास आराखडा, म्हणजे कुठल्या जमिनीवर काय बांधता येईल त्याचा सरकारी नकाशा, आला तो ऐन राबाच्या दिवसांत.

मी मुळात काळजीखोर बाई. नवीन इमारत दिसली की लोक तिच्या गॅलऱ्या बघतात, रंग बघतात. मी तिच्या आवारातलं पाणी कुठून बाहेर पडणार ते बघते. आमच्या बावधनच्या सोसायटीत दर आषाढात पार्किंगमध्ये पाणी भरतं. सेक्रेटरी पंप लावतात, वॉचमन रात्रभर खराटा घेऊन उभा असतो आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये वॉटरप्रूफिंगवर चर्चा होते. हे पाणी येतं कुठून, हे कुणीच विचारत नाही. मला मात्र वाटत राहतं की आपल्या पार्किंगच्या जागी कुणाचं तरी खाचर असणार, आणि त्या पाण्याला अजून कुणी सांगितलेलं नाही की इथं आता माणसं राहतात. नवरा म्हणतो, तुझा जन्मच काळजी करायला झालाय. असेल.

पण ज्या घरात मी वाढले तिथं सगळं जगणंच पाण्याच्या वाटेवर बेतलेलं होतं. आमच्या वाडीला ओढा नाही. म्हणजे डोंगरातून येणारं पाणी आहे, भरपूर आहे, पण त्याला स्वतःचा असा काठ नाही, पात्र नाही. कधीकाळी असेल. आमच्या पणज्या-खापरपणज्यांनी त्या पात्रातच बांध घालत घालत पायऱ्यापायऱ्यांनी भाताची खाचरं पाडली. तेव्हापासून डोंगराचं पाणी सगळ्यात वरच्या खाचरात उतरतं, ते भरलं की बांधाला ठेवलेल्या तोंडातून खालच्यात, त्यातून त्याच्या खालच्यात, असं उतरत उतरत पार रस्त्यापर्यंत येतं. तिथलं शेवटचं खाचर आमचं. पावसाळ्यात वरून पाहिलं तर सगळी दरी चकाकताना दिसते. उन्हाळ्यात पाहिलं तर कोरडी ढेकळं, आणि गुरं सैल सोडलेली.

लावणीच्या आधी वाडीतले सगळे खातेदार मिळून वरपासून खालपर्यंत बांध चालत जायचे. प्रत्येक बांधाला तोंड कुठं ठेवायचं, किती ठेवायचं, ते तिथं उभं राहून ठरायचं. वरच्यानं पाणी अडवायचं नाही आणि खालच्यानं नको म्हणायचं नाही, एवढा एकच कायदा. भांडणं व्हायची, आईबहिणी निघायच्या, पण तोंड पाडल्याशिवाय कुणी पुढच्या बांधावर पाय ठेवायचा नाही. आणि शेवटी सगळे आमच्या अंगणात जेवायला. शेवटच्यानं जेवण घालायचं, कारण वरच्या सगळ्यांच्या खाचरातला गाळ वाहून त्याच्याच खाचरात बसतो. मंदावहिनी नवी नवरी होऊन आली त्या वर्षी तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दुपारी अचानक चिखलानं भरलेल्या पायांची पंगत दारात बघून ती बिचारी चुलीपुढं रडकुंडीला आली होती. आज तीच वहिनी वाडीभर भाकरी पुरवून वर पिठलं उरवते.

आराखड्याच्या आदल्या वर्षी मोजणीची पोरं येऊन गेली, तीही उन्हाळ्यातच. हातात टॅब, डोक्याला टोप्या, बोलायला फार गोड. दादानं, माझ्या थोरल्या भावानं, त्यांना ताक दिलं. त्यांनी विचारलं, "काका, इथं ओढा, नाला, काही आहे का?" आमचा दादा म्हणजे सबंध तालुक्यात कुणाचं एक ढेकूळ न लाटलेला माणूस. तो म्हणाला, "ओढा हितं न्हाई. ओढा त्या तिकडं, टेकाडापल्याड, देवळापाशी." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मीही तिथंच ओसरीवर बसले होते आणि मलाही ते बरोबरच वाटलं. खाचरातून उतरतं ते आपलं पाणी. त्याला ओढा कोण म्हणतं? पोरांनी समोरची कोरडी दरी बघितली, टॅबवर बोट फिरवलं आणि ताकाचे पेले विसळून ठेवून गेली.

मग फाल्गुनात नकाशा आला. पंचायतीच्या भिंतीवर लावला होता, पण त्याआधीच तो सगळ्यांच्या मोबाईलमध्ये पोचला होता. त्या दिवसांत वाडीतली माणसं राब भाजता भाजता मध्येच थांबायची, काळ्या हातांनी मोबाईल काढायची आणि दोन बोटांनी नकाशा ताणून आपापला गट शोधायची. हिरवा म्हणजे शेती. पिवळा म्हणजे घरं. आमची सगळी दरी, डोंगराच्या पायथ्यापासून रस्त्यापर्यंत, पिवळी होती. कधी नव्हे ते लोकांनी एकमेकांना पेढे दिले. पिवळं झालं म्हणजे भाव आला, आता पोरांची लग्नं होतील, हेच जो तो म्हणत होता.

आमच्याकडेही तोच घोर होता. दादाचा निलेश तिशीला आलेला. पिरंगुटच्या कारखान्यात कायम झालेला, निर्व्यसनी, दिसायला बरा. पण बघायला येणारे लोक चहा पिऊन झाला की मान वळवून घराकडे बघायचे. कौलारू तीन खोल्या, त्यात दादा-वहिनी, निलेश आणि शेजारच्या गोठ्यात म्हैस. "पुण्यात फ्लॅट आहे का?" असं एक मुलगी सरळ विचारून मोकळी झाली. फ्लॅट नव्हता, पण रस्त्याला लागून खाचर होतं, आणि ते आता पिवळं होतं. निलेशनं एका रविवारी फक्की आणून त्या खाचरात घराची आखणी केली. पांढऱ्या रेघांमधून तो मला फिरवत होता. "हा हॉल, आत्या. हितं आईचं किचन. आनि ही खोली तुझी, तू आलीस की." मी हॉलमध्ये उभी राहिले आणि वर डोंगराकडे बघितलं. त्याला वाटलं मी हवेशीर आहे का ते बघतेय.

वर डंपर चालू होते. वरच्या खाचरांचे मालक जमिनी विकून मोकळे झाले होते, सगळी वरची पट्टी एका बिल्डरनं घेतली होती आणि तिच्यात मुरूम पडत होता. लाल धुरळा खाली येऊन आमच्या राबावर बसायचा. डोंगराच्या अगदी पायथ्याला त्याच बिल्डरची पहिली इमारत आधीच उभी होती. तिथं माझ्या ऑफिसातली वैशाली राहते. ती मूळची लातूरकडची. लग्नाआधी रेल्वेनं येणाऱ्या पाण्याची वाट बघत रांगेत उभी राहिलेली मुलगी ती. तिनं हिरवा डोंगर बघितला आणि नवऱ्याला म्हणाली, आता इथून हलायचं नाही. तिच्याबद्दल माझ्या मनात कधी अढी आली नाही. मीही कुणाच्या तरी खाचरातच राहते की.

त्याच महिन्यात वैशालीच्या इमारतीतल्या कुणीतरी राबाचा धूर बघून अग्निशमन दलाला फोन केला. लाल गाडी घंटा वाजवत वाडीत शिरली, मागे सगळी पोरं. गाडीतला माणूस उतरला, राब बघितला, आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "आमच्या घरी बी काल ह्येच चाललं हुतं." मग वहिनीनं चहा टाकला. दुसऱ्या दिवशी डबा खाताना वैशालीनं मला हळूच विचारलं, "सुमनताई, ते लोक दर वर्षी शेत का पेटवतात हो? ग्रुपवर सगळे फार घाबरले होते." मी तिला समजावून सांगितलं. तिनं मनापासून ऐकलं आणि ग्रुपवर टाकलंही. खाली कुणीतरी हात जोडलेले टाकले, कुणी विचारलं की हे सुट्टीच्या दिवशी नाही का करता येणार.

मला हसू आलं होतं, पण झोप येत नव्हती. वरची खाचरं मुरमानं भरली की त्यांत पाणी थांबणार नाही. जे पाणी एकेका बांधाशी टेकत, निवांत खाली यायचं, ते एका दमात येणार. आणि ते जिथं येणार तिथं निलेशचा हॉल होता.

हे दादालाही कळत होतं. त्याला माझ्याआधी कळलं होतं, पण तो बोलत नव्हता. एका सकाळी राबावर माती टाकता टाकता त्यानं मला थांबवलं. हरकती द्यायची मुदत संपत आली होती. "सुमे, मी जाऊन सांगावं म्हंतो. हितनं पाणी जातं म्हनून."

"सांग की," मी म्हणाले.

"सांगितलं तर त्ये निळी पट्टी मारत्यात. पाण्याच्या दोनी अंगाला बांधकाम बंद. मंग आपलं खाचर बी गेलं त्यात."

वहिनी पाल्याचा भारा टाकून तिथंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तुमी गप बसा की. समदी वाडी गप बसलीय, तुमालाच कशाला पाण्याचा येवढा पुळका? पोराचं लगीन व्हऊ द्या आदी. मंग काय सांगायचं त्ये सांगा."

निलेश बांधावर बसला होता. तो बापाला अरेतुरे करणारा मुलगा नाही. तो शांतपणे म्हणाला, "बाबा, तुमी बोललात तर घर कागदावर जाईल. न्हाई बोललात तर पाण्यात जाईल. मी काय करू त्येवढं सांगा फक्त."

दादा पुन्हा राबावर माती टाकायला लागला. त्यानं बोलावं म्हटलं तर मला निलेशचा चेहरा दिसत होता, बोलू नये म्हटलं तर त्या पांढऱ्या रेघांवरून वाहणारं गढूळ पाणी दिसत होतं. त्या दिवसांत मी भाजीला दोनदा मीठ घालायची, बसमध्ये माझा स्टॉप निघून जायचा, ऑफिसात कुणी हाक मारली तरी दचकायची. भीती एकाच गोष्टीची असली की माणूस तिच्याकडे पाठ तरी फिरवतो. इथं दोन्हीकडे तोंडं होती.

वैशाखात सुनावणी लागली. मी रजा काढून दादाबरोबर गेले. कार्यालयाच्या व्हरांड्यात खुर्च्या कमी आणि माणसं फार. सगळ्यांच्या हातात पिशव्या, पिशव्यांत सातबारे. कुणाच्या जमिनीवर बाग पडली होती, कुणाच्या विहिरीवरून रस्ता गेला होता. जो तो आपलं सोडवून घ्यायला आलेला. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि टोपी मांडीवर ठेवून तिची घडी पुन्हा पुन्हा करत होता. आत जाईपर्यंत तो काय बोलणार आहे, हे मला माहीत नव्हतं. मला वाटतं त्यालाही नव्हतं.

साहेब तरुण होते, थकलेले होते, पण वसकन अंगावर येणारे नव्हते. "बोला काका, काय हरकत आहे?"

"आमच्या खाचरातनं पाणी जातं, साहेब. डोंगरापास्नं खालच्या रस्त्यापतूर. समद्यांच्याच खाचरातनं जातं."

"सर्व्हेत तर इथं ओढा दाखवलेला नाही."

"व्हय. आमीच न्हाई म्हनून सांगितलं हुतं. आमी त्याला ओढा म्हनत न्हाई. पन पाणी हाय, आन् त्ये यायचं ऱ्हात न्हाई."

साहेबांनी नकाशा जवळ ओढला, चष्मा वर केला. "तुमचा गट कुठला?"

दादानं बोट ठेवलं. "ह्यो शेवटचा."

"म्हणजे पट्टी दाखवली तर तुमच्या गटातही बांधता येणार नाही. कळतंय ना तुम्हाला? इथं लोक माझं वगळा म्हणून येतात. तुम्ही माझं घाला म्हणताय."

दादा माझ्याकडे बघेल असं मला वाटलं. त्यानं बघितलं नाही. "कळतंय साहेब," तो म्हणाला. "वर भराव पडतोय. त्यो थांबला पायजे. त्यो थांबला तर आमचं बी ऱ्हाईल न् वरच्या बिल्डिंगवाल्यांचं बी." साहेबांनी लिहून घेतलं. जागा बघायला माणूस पाठवू, म्हणाले.

बाहेर आल्यावर आम्ही उसाचा रस प्यायलो. दादा एवढंच म्हणाला की बर्फ नको सांगायला पाहिजे होतं. परतीच्या बसमध्ये तो खिडकीतून भूगावच्या, भुकूमच्या इमारती बघत होता. एरवी आम्ही त्या मोजत जायचो. घरी वहिनीनं ताट वाढलं, पण ती चार दिवस त्याच्याशी बोलली नाही. निलेशनं फक्कीच्या रेघा पुसल्या नाहीत. तो फक्त त्या बाजूनं जायचा बंद झाला, कामावर निघताना मोटारसायकल मागच्या वाटेनं काढायला लागला. त्याच्यासाठी माझा जीव किती तुटला, ते मी त्याला कधी सांगू शकले नाही.

जागा बघायला माणसं आली ती पाऊस तोंडावर असताना. तोवर वरची सगळी पट्टी भरून, दाबून, सपाट झाली होती. तिच्यावर पत्र्याचं कुंपण आणि कुंपणावर हसऱ्या कुटुंबाचं मोठं चित्र. माणसं तिथं फिरली, बुटानं मुरूम दाबून बघितला. मग खाली आमच्या खाचराशी आली. तिथं बांध होता, बांधाला तोंड होतं, कोपऱ्यात जुना गाळ होता. त्यांनी भराभर फोटो काढले. दादा त्यांना वर हात करून दाखवत होता, ते मान डोलावत होते.

त्या पावसाळ्यात पाणी उशिरा आलं आणि आलं ते लाल होऊन. दादाच्या बांधाचं वरचं तोंड फोडून आत शिरलं आणि अर्ध्या लावणीवर मुरमाचे खडे पसरून गेलं. कापणीच्या वेळी वहिनीच्या विळ्याची धार दर थोड्या वेळानं जात होती. त्या वर्षीचा तांदूळ मी निवडायला घेतला तेव्हा ताटात लाल खडे निघत होते. मी ते टाकून दिले आणि भात लावला.

आता पुन्हा फाल्गुन आहे, आणि परवा सुधारित नकाशा आला. निलेशनंच मला मोबाईलवर पाठवला, खाली काही न लिहिता. मी चष्मा लावला, दोन बोटांनी ताणत ताणत आमची दरी शोधली. निळी पट्टी होती. दादाचं म्हणणं त्यांनी ऐकलं होतं. पट्टी रस्त्यापासून निघून आमच्या खाचराच्या वरच्या बांधापर्यंत जाते आणि तिथं थांबते. बांधाच्या पलीकडे डोंगरापर्यंत सगळं पिवळं, स्वच्छ, एक रेघ नाही. मी दोनदा नकाशा बंद करून उघडला.

रविवारी गेले तर वहिनीनं तो चुलीपुढं बसून बघितला. बराच वेळ बघितला. मग म्हणाली, "म्हंजी वन्सं, ह्ये पाणी आमच्याच बांधातनं उगावतंय व्हय?" तिच्या आवाजात राग नव्हता. दादा बाहेर होता. त्यानं ऐकलं, पण तो आत आला नाही.

निघताना निलेश मला बसपर्यंत सोडायला आला. या वर्षी एक स्थळ जमत आलंय, मुलगी पिरंगुटलाच नोकरीला आहे, पण तिच्या घरच्यांना आधी घर दिसायला हवं. "आत्या," तो म्हणाला, "तुझ्या त्या वैशाली मॅडमच्या बिल्डिंगमदी एखादा भाड्यानं मिळतोय का बघशील? वन बीएचके चालंल." त्यानं हे इतक्या सहज विचारलं की मीही सहज हो म्हणाले. बसमध्ये जागा मिळाल्यावर मी वैशालीला मेसेज केला. भाच्यासाठी पाहिजे, चांगला मुलगा आहे, वगैरे.

तिचं उत्तर चांदणी चौकाच्या आधीच आलं. ती खरोखर खूश झाली होती.

"अहो ताई, नक्की विचारते. आणि खालच्या बाजूचाच बघू, तिकडचा व्ह्यू फार छान आहे. समोर भातशेती आहे ना, तिथं आता कधीच बांधकाम होणार नाही म्हणे. नव्या नकाशात ओढा आलाय."